‘मला चित्र काढता येत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी कलावर्ग कसा लावावा

वस्तीत मनाच्या स्वास्थ्यासाठी कलावर्ग सुरू करायचं ठरलं की पहिली बैठक रंगांच्या यादीवरच निघून जाते. किती बाटल्या, किती ब्रश, घाऊक कुठे मिळतील. ही यादी तासाभराचं काम आहे. वर्ग बंद पडतो तो वेगळ्याच कारणांनी. जिना चढवत नाही. संडासात खाली बसता येत नाही. सकाळी गोळीची गुंगी उतरलेली नसते. नाव लिहून घेताना कुणीतरी आजाराचंही विचारतं. नाहीतर पहिल्याच दिवशी कोरा कागद पुढ्यात ठेवून ‘काहीही काढा’ असं सांगितलं जातं. त्यामुळे या लेखात रंगांपर्यंत पोचायला थोडा वेळ लागेल.

जागा तळमजल्यावरचीच हवी. समाजमंदिर, वाचनालयाचा हॉल, ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र, दुपारनंतर रिकामी होणारी अंगणवाडी, यातलं काहीही चालतं. दार किमान ९० सेंटीमीटर रुंद असावं आणि आत चाकाची खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा असावी. उंबरा बहुतेक ठिकाणी असतोच. त्यावर १९ मिलीमीटर प्लायवूडची फळी टाकता येते, पण तिची लांबी उंबऱ्याच्या बारापट हवी. उंबरा १० सेंटीमीटर असेल तर फळी १२० सेंटीमीटर. जागा नाही म्हणून ६० सेंटीमीटरची फळी टाकली की चढ दुप्पट होतो, खुर्चीची पुढची चाकं उचलली जातात आणि माणूस मागे कलंडू शकतो. फळीच्या दोन्ही कडांना चार-पाच सेंटीमीटर उंचीची पट्टी ठोका आणि वर रबरी मॅट चिकटवा. पावसाळ्यात उघडं प्लायवूड फार निसरडं होतं.

संडासाची सोय वर्गाच्या आधी एकदा स्वतः पाहून या. भारतीय बैठकीचा असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची मेडिकल दुकानात विकत किंवा भाड्याने मिळते. ही ऐच्छिक सोय नव्हे. लिथियम घेणाऱ्यांना तहान जास्त लागते आणि लघवीला वारंवार जावं लागतं. संडास दूर किंवा कुलपात असेल तर ते न सांगता यायचे थांबतात. पिण्याचं पाणी खोलीतच ठेवा, कारण बऱ्याच औषधांनी तोंड कोरडं पडतं.

बसायची सोय दोन प्रकारची ठेवा: सतरंजीवर पाट किंवा चौरंग, आणि टेबल-खुर्ची. टेबलाखाली ७० सेंटीमीटर मोकळी उंची असेल तर चाकाची खुर्ची आत सरकते. इथे एक गोष्ट हमखास चुकते. सगळे खाली आणि चाकाच्या खुर्चीतली एकच व्यक्ती टेबलावर, अशी मांडणी केली की ती व्यक्ती वर्गात असूनही एकटी पडते. म्हणून निम्म्या जागा टेबलाशीच असाव्यात. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी अर्धगोल मांडणी बरी आणि शिकवणाऱ्याने खिडकीकडे तोंड करून उभं राहावं. पाठीमागे खिडकी असेल तर चेहरा काळवंडतो आणि ओठ वाचता येत नाहीत. गाणी लावू नका. श्रवणयंत्रात मागचा आवाजही वाढून येतो. शिवाय आठवणी चाळवणारं गाणं कुणासाठी कोणतं असेल याचा अंदाज आपल्याला नसतो.

दाराजवळ एक खुर्ची रिकामी ठेवा. काही औषधांनी पाय स्वस्थ राहत नाहीत, दर दोन मिनिटांनी उठून फिरावंसं वाटतं. त्या माणसाला ‘बसा ना जरा’ म्हणणं क्रूर आहे. उठलं, फिरलं, त्या खुर्चीत टेकलं, परत आलं तरी चालतं, हे पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांसमोर सांगून टाका. मग कुणालाच परवानगी मागावी लागत नाही.

वेळ सकाळी ११ची किंवा दुपारी ४ची ठेवावी. ९ वाजता रात्रीच्या गोळ्यांची गुंगी असते, पाणी भरायचं असतं, मुलांच्या शाळा असतात. एप्रिल-मे मध्ये भर दुपारी येणं टाळा. काही औषधांवर असलेल्यांना ऊन सोसत नाही. एकूण वेळ दीड तास पुरतो: पंधरा-वीस मिनिटं येण्याची आणि चहाची, पाऊण तास हातातल्या कामाचा, बाकी आवराआवरीचा. पाऊण तासाला थोडा आधारही आहे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, मार्कर आणि कोलाज यांत रमू दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, मोजलं. सुमारे तीन-चतुर्थांश लोकांमध्ये ते कमी झालं आणि आधी चित्रकला येत होती की नाही याने फरक पडला नाही. गट लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि हे लोक आजारी नव्हते. त्यामुळे याच्या जोरावर ‘चित्र काढा, नैराश्य घालवा’ असा फलक लावू नये. पण ‘मला येत नाही’ म्हणणाऱ्या काकूंना सांगायला हे उपयोगी पडतं.

फलकाचंच निघालं म्हणून. ‘मानसिक रुग्णांसाठी कार्यशाळा’ असं लिहिलं तर शेजारणीच्या नजरेसमोर त्या दारातून कुणी आत येणार नाही. दुसऱ्या टोकाला जाऊन लपवाछपवीही नको. ‘चित्र-मातीचा वर्ग. मोफत. येत नसलं तरी या. मन थकलेलं असेल तर जरूर या.’ एवढं पुरे. मोठ्या अक्षरात, पांढऱ्यावर काळं, खाली ‘चाकाची खुर्ची आत येते’ अशी स्पष्ट ओळ. फलकापेक्षा आशाताईंच्या (वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्तीच्या) तोंडून गेलेला निरोप जास्त माणसं आणतो. नोंदणीच्या कागदावर चारच गोष्टी: कोणत्या नावाने हाक मारायची, अडचणीत कुणाला फोन करायचा, कशाची ॲलर्जी आहे का, आणि इथे काय मदत लागेल. निदान विचारायचं नाही, औषधांची नावं विचारायची नाहीत. सांगितलं तर ऐकायचं, लिहायचं नाही.

दहा ते बारा माणसांमागे तीन जण लागतात. एक शिकवतो. दुसरा कुणाला काय अडतंय ते पाहत फिरतो. तिसरा दाराशी, चहापाशी असतो आणि कुणी बाहेर गेलं तर दोन मिनिटांनी सहज बाहेर डोकावतो. हा तिसरा माणूस खर्चात कापायचा मोह होतो. तो कापू नका. कुणाचं रडू फुटलं, कुणाला धाप लागली, तर शिकवणाऱ्याला वर्ग सोडून जाता येत नाही.

आता सामान. पहिल्या तीन-चार आठवड्यांसाठी वारली पद्धतीसारखी दुसरी सोय नाही. गेरूने रंगवलेल्या कागदावर एकच पांढरा रंग, गोल-त्रिकोण-रेघ एवढेच आकार, चेहरा नाही, छटा नाहीत, खोडरबर नाही. हात थरथरला तरी रेघ वारलीच दिसते. पण ही कला कुणाची आहे हे आधी सांगा. डहाणू, तलासरी, जव्हार या भागातल्या वारली समाजात लग्नाच्या वेळी सवाष्णी भिंतीवर चौक, म्हणजे चौकोनी चौकटीतलं पूजेचं चित्र, काढतात, त्यात पालघाट देवी असते. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं कागदावर आणून जगभर नेली, २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. देवीचा चौक सरावाला देऊ नये. झाडं, शेत, तारप्याचा (तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य) नाच घ्यावा. शक्य असेल तर एखाद्या वारली चित्रकाराला एका दिवसासाठी बोलवा आणि मानधन द्या.

कागद २०० जीएसएमचा (हे कागदाच्या जाडपणाचं माप) कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा, ए-थ्री आकाराचा. पातळ कागद गेरूने वळतो. पंधरा कागदांसाठी १०० ग्रॅम गेरू पावडर, दोनशे मिलीलीटर पाणी, दोन मोठे चमचे फेविकॉल. आधी गेरू थोड्या पाण्यात घोटून गुठळ्या मोडायच्या, मग बाकी पाणी आणि शेवटी फेविकॉल. फेविकॉल कमी पडला तर सुकल्यावरही गेरू हाताला, साडीला लागतो. जास्त झाला तर कागद चकचकीत होतो आणि वर पांढरा रंग घसरतो, रेघ तुटक येते. एक कागद रंगवून सुकवून बोटाने चोळून पाहा, मगच बाकीचे करा. कागदाच्या चारही कडा चिकटपट्टीने लाकडी फळीवर चिकटवून मगच रंग द्या आणि तसाच सावलीत सुकू द्या. ही तयारी आदल्या दिवशीची आहे. पावसाळ्यात कागद रात्रभर ओला राहतो.

पांढरा रंग मुळात तांदळाच्या पिठाचा आणि डिंकाचा. तो करून दाखवायला छान आहे, पण पहिल्या दिवशी देऊ नये. ओला असताना तो जवळजवळ दिसत नाही, सुकल्यावरच पांढरा होतो. नवख्या माणसाला वाटतं रंग लागलाच नाही. तो पुन्हा पुन्हा गिरवतो, थर जाड होतो आणि घरी नेईपर्यंत त्याचे पोपडे निघतात. शिवाय दुसऱ्या दिवशी आंबट वास सुटतो. सुरुवातीला पांढरा पोस्टर कलर घ्या, थोडं पाणी घालून. काडी बुडवून उभी धरली की एक थेंब सावकाश खाली यावा, इतपत.

काडी बांबूची, पंधरा सेंटीमीटर, एक टोक हातोडीने ठेचून तंतू मोकळे केलेली. हात थरथरणाऱ्यांसाठी (लिथियम घेणाऱ्यांत आणि ज्येष्ठांत हे बरेचदा असतं) काडीभोवती जुन्या कापडाची पट्टी गुंडाळून वर रबर बँड लावा, पकड तीन सेंटीमीटर जाड होऊ द्या. कोपरापासून मनगटापर्यंत हात टेबलावर टेकलेला असावा, खाली घडी घातलेला टॉवेल. कागद फळीला चिकटवलेलाच असतो, त्यामुळे दुसऱ्या हाताने धरावा लागत नाही. अर्धांगवायू झालेल्यांनाही हे उपयोगी. रंगाची वाटी जड आणि पसरट बुडाची असावी. प्लॅस्टिकचे कप हमखास लवंडतात आणि ज्याच्या हातून लवंडतो तो पुढच्या वेळी येत नाही.

पहिला दिवस असा. सुरुवातीला फक्त टिंबांची एक ओळ, कागदाच्या डाव्या कडेपासून उजव्यापर्यंत. मग त्याखाली आडवी रेघ. मग गोल. यात दहा मिनिटं जातात आणि कागद कोरा राहिलेला नसतो, हेच महत्त्वाचं. मग माणूस: टोक खाली केलेला एक त्रिकोण, त्याच्या टोकाला टोक लावून दुसरा उभा त्रिकोण. वर छोटा गोल, तो मानेच्या रेघेने जोडायचा. हात खांद्याच्या कोपऱ्यांतून, पाय खालच्या कडेतून. नवखा माणूस पहिला त्रिकोण तळहाताएवढा काढतो आणि पाय कागदाबाहेर जातात. म्हणून ‘त्रिकोण नखाएवढा’ असं आधीच सांगा. शेवटी तीन मीटरच्या एका लांब गेरू कागदावर प्रत्येकाने एक माणूस काढायचा, आधीच्या माणसाच्या हातात हात देऊन. तारप्याच्या नाचाची गुंडाळी आपोआप तयार होते. ज्यांना काढायचं नाही त्यांनी नाचाभोवती टिंबं द्यावीत.

दृष्टी अजिबात नसलेल्यांसाठी हेच चित्र सुतळीने करता येतं. जाड पुठ्ठ्यावर फेविकॉलची रेघ, त्यावर सुतळी दाबायची, रात्रभर सुकू द्यायची. पुढच्या आठवड्यात बोटांनी चाचपून त्यात माती किंवा वाळू भरता येते. अंधुक दिसणाऱ्यांना गेरूवर पांढरं कमी उठून दिसतं. त्यांना काळा कागद द्या.

माती पाचव्या आठवड्याच्या आधी आणू नका, लोक एकमेकांना ओळखायला लागू द्या. गणपतीच्या कारखान्यात मिळणारी शाडू चालते, माणशी अर्धा किलो. बारा जणांना सहा किलो कोरडी शाडू, किलोला तीनशे ते साडेतीनशे मिलीलीटर पाणी थोडं थोडं घालत, रात्रभर ओल्या फडक्याखाली, सकाळी कणकेसारखी मळायची. शाडूला तडे जातात ते दोन कारणांनी: उन्हात किंवा पंख्याखाली भराभर सुकवली, किंवा एखादा भाग दोन सेंटीमीटरपेक्षा जाड राहिला. मळताना थोडा पिंजलेला कापूस घातला तर तडे कमी होतात. हात, कान, दांडा असं काही जोडताना दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढून पातळ शाडू लावावी. नुसतं दाबून चिकटवलेलं सुकल्यावर गळून पडतंच.

हे तडे आधी सांगणं फार गरजेचं आहे. नैराश्यात असलेला माणूस तुटलेली पणती पाहून मातीला दोष देत नाही, स्वतःला देतो. मातीच्या पहिल्याच दिवशी एक तडा गेलेली वस्तू सगळ्यांसमोर पाण्याच्या बादलीत टाका. न भाजलेली शाडू विरघळते आणि पुन्हा वापरता येते. हे एकदा पाहिलं की हात मोकळे होतात.

काहींना मातीचा स्पर्श सहन होत नाही, ज्यांना अस्वच्छतेची सततची भीती असते त्यांना तर मुळीच नाही. त्यांच्यासाठी हातमोजे, लाकडी चमचा, किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाबायची माती ठेवा, आग्रह करू नका. हात बादलीत धुवायचे, बेसिनमध्ये नाही. शाडू पाईपमध्ये बसते आणि सभागृहाची चावी पुढच्या आठवड्यात मिळत नाही. नंतर खोबरेल तेल लावायला द्या, शाडूने हात कोरडे पडतात.

गोधडीचं काम आजींना आणि मावशींना सगळ्यात पटकन जमतं, आणि शिकवणाऱ्यापेक्षा त्यांनाच जास्त येतं, हाच त्याचा मोठा फायदा. जुन्या सुती साड्यांचे तीस सेंटीमीटरचे चौकोन, दोन-तीन थर, खडूने आखलेल्या रेघा, साधा धावदोरा. टोक बोथट असलेल्या मोठ्या नेढ्याच्या सुया घ्या. सुया फोमच्या पट्टीत मोजून खोचलेल्या असाव्यात आणि वर्ग संपताना त्याच मोजणीने परत घ्याव्यात. कात्री दोनच, मदतनीसाकडे. पेन्सिलीला टोक करायचं यंत्र टेबलावर ठेवू नका, त्यातलं पातं सुटं होतं. हे सगळ्यांसाठी सारखं करा, कुणा एकाकडे पाहून नाही, म्हणजे कुणाला संशय घेतल्यासारखं वाटणार नाही. टर्पेंटाइन आणि थिनर तर वर्गात नकोच.

शिकवणाऱ्याने काय बोलू नये, यावर मी सामानापेक्षा जास्त भर देईन. ‘हे काय काढलंय?’ विचारू नये. ‘काळा रंग जास्त वापरलाय, काही बिनसलंय का?’ तर अजिबातच नाही. रंगावरून मन वाचणं प्रशिक्षित कलोपचारकालाही इतक्या सोप्या रीतीने जमत नाही, आणि आपला वर्ग उपचार नाही. सारखं ‘वा, छान!’ म्हणणंही अडचणीचं, कारण ज्या दिवशी म्हटलं नाही त्या दिवशी ते लक्षात येतं. जे दिसतं ते बोला: ‘इथली टिंबं एकसारख्या अंतरावर आली आहेत, काकू.’ दुसऱ्याच्या कागदावर स्वतःची काडी कधीही टेकवू नका. दाखवायचं असेल तर वेगळ्या तुकड्यावर दाखवा.

कुणी मरणाबद्दल बोललं तर घाबरून विषय बदलू नका. बाजूच्या खुर्चीत जाऊन सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उत्तर हो असेल तर त्या व्यक्तीला एकटं सोडायचं नाही, नोंदणीतल्या माणसाला फोन करायचा आणि टेली-मानसचा १४४१६ क्रमांक तिथेच लावायचा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२पासून आहे, मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं. धोका लगेचचा वाटला तर सोबत जाऊन जवळचं सरकारी रुग्णालय गाठायचं. हा क्रमांक भिंतीवर आणि चहाच्या टेबलावर कायम लावलेला असावा.

सलग दोन आठवडे कुणी आलं नाही तर निरोप पाठवा, पण ‘का आला नाहीत?’ असा नको. ‘बुधवारी ४ला वर्ग आहे, तुमची जागा ठेवली आहे’ एवढंच. महिनाभराने परत आलेल्या माणसाचं टाळ्यांनी स्वागत करू नका. त्याचा कागद त्याच्या जागी असावा, बस.

मदत देणारे आकडे मागतात. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मनाच्या स्वास्थ्याबद्दलच्या पाच विधानांची डब्ल्यूएचओ-५ प्रश्नावली पुरते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक विधानाला ० ते ५ गुण, बेरीज जास्तीत जास्त २५. पहिल्या आणि बाराव्या आठवड्यात, ज्यांची इच्छा असेल त्यांनीच भरायची. बेरीज १३च्या खाली आली तर त्या व्यक्तीशी शांतपणे बोलून डॉक्टरांकडे जायला मदत करावी. आकडा फक्त अहवालात चढवून ठेवणं बरोबर नाही.

प्रदर्शन, स्पर्धा, क्रमांक, शाल-श्रीफळ हे सगळं बाहेर ठेवा. बक्षीस आलं की उरलेले दहा जण हरतात. चित्रं लावायची असतील तर ज्याला हवं त्याचंच, हव्या त्या नावाने किंवा नावाशिवाय. विकलं गेलं तर पैसे पूर्ण त्याचे. चेहऱ्यांचे फोटो काढू नका, हातांचे काढायचे तरी विचारून. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांचे फोटो संमतीशिवाय माध्यमांना द्यायला मनाई करतो. वस्तीतल्या वर्गाने तेवढाच कडक नियम स्वतःला लावून घ्यावा, कारण इथला फोटो पहिल्यांदा पाहणारे नातेवाईकच असतात.

आणि वर्ग संपणार असेल, पैसे संपले, जागा गेली, काहीही असो, तर चार आठवडे आधी सांगा आणि दर वेळी उरलेले आठवडे भिंतीवर लिहा. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला एक पिशवी द्या: पांढऱ्या पोस्टर कलरची एक छोटी बाटली, दोन काड्या, जाड पकडीची एक, गेरू दिलेले दहा कागद, गेरूचं प्रमाण लिहिलेली चिठ्ठी, आणि वस्तीतल्या दुसऱ्या एखाद्या गटाचा वार, वेळ, पत्ता. तिथल्या माणसाशी आधी बोलून ठेवा आणि पहिल्या दिवशी सोबत जायला तिसरा मदतनीस मोकळा ठेवा.